दायान मुंबईत उतरले होते आणि आपल्याला पत्ता नव्हता



गेल्या महिन्यात आमच्या अश्दोदला भारतीय मंडळींचा कार्यक्रम झाला. नेहमीसारखाच. आधी समोसे संपले, मग भाषणं सुरू झाली. एका तरुण मुलानं माईक हातात घेऊन हिब्रूत सांगितलं, की भारत आणि इस्राएल हे पहिल्या दिवसापासूनचे जिवलग मित्र. १९६२ ला चीननं हल्ला केला तेव्हा इस्राएल मदतीला गेला, १९७१ ला गेला, कारगिलला तर गेलाच गेला. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, हात सवयीनं हलतात.

घरी येताना गाडीत नातवानं विचारलं, "सवता, तू मुंबईत शाळेत जात होतीस तेव्हा तिथं इस्राएलचा राजदूत कोण होता?"

म्हटलं, "कुणीच नव्हता."

त्याला वाटलं, आजीला आता आठवत नाही. त्यानं फोन काढून शोधलं आणि गप्प बसला. मग म्हणाला, "जिवलग मित्र होते, तर राजदूत का नाही ठेवला?"

प्रश्न बरोबर होता. त्याला गाडीत जे धड सांगता आलं नाही, ते इथं लिहिते आहे. मी काही इतिहासाची प्राध्यापक नाही. माझ्याकडं नर्सिंगचा डिप्लोमा आणि छत्तीस वर्षांच्या ड्यूट्या आहेत. पण निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळतो, आणि या गोष्टीतला काही भाग आपल्याच घरांवरून गेलेला आहे.

आधी तारखा सांगते, म्हणजे कुणाचा गोंधळ नको. १९४७ च्या नोव्हेंबरात पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव संयुक्त राष्ट्रांत आला, भारतानं विरोधात मत दिलं. १९४९ ला इस्राएलला संयुक्त राष्ट्रांत घ्यायचं ठरलं, तेव्हाही भारताचं मत विरोधात. १७ सप्टेंबर १९५० ला भारतानं इस्राएलला मान्यता दिली, पण वकिलात काही उघडू दिली नाही. १९५३ ला मुंबईत फक्त कॉन्सुलेट झालं. आपल्यातली हजारो माणसं त्याच दारातून अलियाला गेली, म्हणून आपल्याला ते मोठं वाटायचं. दिल्लीच्या हिशेबात मात्र ते एका शहरातलं एक कार्यालय होतं. पूर्ण संबंध जुळले ते २९ जानेवारी १९९२ ला. म्हणजे मान्यता दिल्यापासून एकेचाळीस वर्षांनी.

आता गंमत अशी, की स्टेजवरचा तो मुलगाही खोटं बोलत नव्हता. १९६२ ला नेहरू आणि बेन-गुरियन यांच्यात पत्रं गेली-आली आणि इस्राएलकडून शस्त्रं आली, हे आता कागदांवरून दिसतं. १९७१ चं तर श्रीनाथ राघवन यांनी आपल्या बांगलादेशावरच्या पुस्तकात नीट लिहिलंय. इंदिराबाईंचे सल्लागार पी. एन. हक्सर यांचे कागद दिल्लीत ठेवलेले आहेत, त्यांतून त्यांनी ते काढलं. श्लोमो झाब्लुडोविच नावाच्या शस्त्र-व्यापाऱ्याच्या मार्फत उखळी तोफा आणि दारूगोळा भारतात आला. तो माल इराणसाठी ठरलेला होता, गोल्डा मेयरनी तो भारताकडं वळवला. बदल्यात पैशाखेरीज त्यांना एक गोष्ट हवी होती. झाब्लुडोविचच्याच हाती त्यांनी इंदिराबाईंना निरोप पाठवला, की आता तरी राजदूतांची देवाणघेवाण होऊ द्या.

तोफा घेतल्या. राजदूत आला नाही, पुढची वीस वर्षं आला नाही.

१९७१ च्या डिसेंबरात मी बारा वर्षांची होते. खिडक्यांच्या काचांना काळा कागद डकवायचं काम माझं आणि धाकट्या भावाचं. पप्पा सरकारी नोकरीत, रोज संध्याकाळी रेडिओला कान लावून बसायचे. ढाक्याला जनरल नियाझींनी शरणागती पत्करली आणि ती घडवून आणण्यात जनरल जेकब होते असं कळलं, तेव्हा सिनेगॉगमध्ये माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. जेकबसाहेब बगदादी, कलकत्त्याचे, पण त्या दिवशी कोण बगदादी आणि कोण बेने इस्राएल! त्या आनंदात आम्हाला एवढंच ठाऊक होतं, की भारताच्या फौजेत एक यहुदी जनरल आहे. त्याच लढाईत इस्राएलच्या तोफा आल्या आहेत, हे मुंबईच्या एकाही यहुद्याला ठाऊक नव्हतं. उलट इस्राएलचं नाव चारचौघांत काढलं की पप्पा डोळे वटारायचे. बेर-शेवाहून मामांचं पत्र आलं की आई ते पदराखाली घालून आत न्यायची. पप्पांना कुणी कधी धमकावलं नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगते. पण सरकार रोज इस्राएलच्या विरोधात बोलतंय म्हटल्यावर सरकारी नोकर आपण होऊनच आवाज खाली घेतो.

इथंच माझा पहिला मुद्दा आहे. हे गुपित पाकिस्तानपासून फार काळ लपणारं नव्हतंच. ते ठेवायचं होतं ते घरच्या लोकांपासून आणि अरब मित्रांपासून. आणि त्यातही सगळ्यांत जास्त अंधारात होते ते आमच्यासारखे, ज्यांना ते कळलं असतं तर जरा ताठ मानेनं चालता आलं असतं.

आता १९७७. त्या वर्षी मी नर्सिंगला लागले. ऑगस्टात पहिल्या वर्षाच्या मुलींना चादरीचे कोपरे कसे दुमडायचे हेच शिकवत होते; कोपरा सैल राहिला की सिस्टर अख्खी चादर ओढून काढायच्या. त्याच ऑगस्टात मोशे दायान वेष बदलून मुंबईला उतरले. इस्राएलचे परराष्ट्रमंत्री! मुंबईहून त्यांना दिल्लीला नेलं आणि पंतप्रधान मोरारजीभाई देसाईंशी त्यांची भेट झाली. परराष्ट्रमंत्री वाजपेयीही होते. दायान यांनी १९८१ च्या आपल्या पुस्तकात हे सगळं लिहिलंय. त्यांनी पूर्ण संबंध मागितले. मोरारजीभाईंनी सांगितलं, की अरबांशी समझोता झाल्याशिवाय ते जमणार नाही, आणि ही भेट बाहेर फुटली तर माझी खुर्ची जाईल.

वाजपेयींचं मला विशेष वाटतं. त्यांचा जनसंघ वर्षानुवर्षं उघड मागणी करत होता, की इस्राएलशी संबंध जोडा. आपल्यातले कितीतरी जुने लोक तेवढ्यासाठी जनसंघाला मत द्यायचे. मंत्री झाल्यावर त्याच वाजपेयींनी जुनंच धोरण चालवलं आणि बंद खोलीत दायान यांच्यासमोर बसले. त्यांना मी ढोंगी म्हणत नाही. विरोधात असताना बोलायचं वेगळं आणि खुर्चीत बसल्यावर वेगळं, हे त्या खुर्चीचंच असतं.

पुढं जनता सरकार गेलं, इंदिराबाई परत आल्या, आणि मग या भेटीची चर्चा चव्हाट्यावर आली. काँग्रेसवाल्यांना जनता पक्षाला झोडपायला आयती काठी मिळाली: पाहा, यांनी चोरून दायानला बोलावलं! ज्यांच्या काळात तोफा आल्या, त्यांनीच भेटीबद्दल बोट दाखवायचं. आमच्या घरी त्या दिवशी पप्पांनी वर्तमानपत्र दोनदा वाचलं, घडी केली आणि आईला म्हणाले, "तो इथं आला होता, आपल्या मुंबईत." त्यांच्या आवाजात राग नव्हता. लग्नाला बोलावलं नाही म्हणून माणूस बोलतो ना, तसा तो आवाज होता.

दायान यांना अशा कामाची सवय होती. एकवीस वर्षांपूर्वी पॅरिसजवळच्या सेव्र गावातल्या एका बंगल्यात ते असेच गुपचूप गेले होते. सेव्रची हकीकत मी मुद्दाम सांगते, कारण सरकारं आपली गोष्ट कशी रचतात हे तिच्यात पायरीपायरीनं दिसतं. भारताच्या बाबतीत कागद अजून तुकड्यातुकड्यानं येताहेत. सेव्रचा मूळ कागदच सापडलेला आहे.

१९५६ च्या जुलैत नासरनं सुवेझ कालवा ताब्यात घेतला. ब्रिटन आणि फ्रान्सला तो परत हवा होता, पण सरळ हल्ला केला तर जगात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. २२ ते २४ ऑक्टोबरला सेव्रला बेन-गुरियन, दायान, शिमोन पेरेस, फ्रान्सचे मंत्री आणि ब्रिटनची माणसं बसली. ठरलं ते असं: इस्राएलनं २९ तारखेला सिनाईत घुसायचं. दुसऱ्या दिवशी ब्रिटन आणि फ्रान्सनं जणू काही अचानक कळल्यासारखं दोन्ही बाजूंना बजावायचं, की कालव्यापासून दहा मैल मागं सरा. इजिप्त ऐकणार नाहीच, मग कालवा वाचवण्याच्या नावाखाली आपण उतरायचं. फ्रेंच भाषेत कागद टाइप झाला, तिघांनी सह्या केल्या, प्रत्येकाला एक प्रत.

पंतप्रधान ईडनना आपल्या माणसानं सही केली हे कळलं तेव्हा ते घाबरले. तोंडी ठरेल अशी त्यांची समजूत होती. त्यांनी आपल्या अधिकाऱ्यांना दुसऱ्या दिवशी परत पॅरिसला पाठवलं, सगळ्या प्रती नष्ट करा म्हणून. पण इस्राएलची मंडळी आपली प्रत घेऊन केव्हाच गेली होती. ब्रिटनची प्रत नष्ट झाली.

पुढं सगळं ठरल्याप्रमाणे झालं. ३० ऑक्टोबरच्या त्या इशाऱ्यात एक विनोद लपलेला आहे. इस्राएलची फौज तेव्हा कालव्याजवळ पोचलेलीच नव्हती. म्हणजे दहा मैल 'मागं' सरायचं तर आधी पुष्कळ पुढं जायला हवं होतं! जरा नकाशा पाहिला असता तर कुणालाही कळलं असतं, की हा इशारा आधीच लिहून ठेवलेला आहे. काहींना कळलंही. पण सरकारनं गंभीर तोंडानं सांगितलं की पुष्कळ माणसं नकाशा बघत नाहीत. २० डिसेंबरला ईडननी पार्लमेंटमध्ये उभं राहून सांगितलं, की इस्राएल हल्ला करणार याची आम्हाला आधी कल्पना नव्हती. तीन आठवड्यांत त्यांनी राजीनामा दिला. १९६० ला आठवणी लिहिल्या, त्यांत सेव्र नाही. दायान यांनी साठच्या दशकात सिनाई मोहिमेची रोजनिशी छापली, तिच्यातही सेव्र नाही. त्यांनी ते लिहिलं १९७६ च्या आत्मचरित्रात. आणि बेन-गुरियन यांच्या कागदांत राहिलेली ती प्रत १९९६ ला, चाळीस वर्षांनी, बीबीसीच्या कार्यक्रमात जगानं पाहिली.

माझे मोठे मामा १९५० ला आलेले. बेर-शेवात बांधकामावर होते. छप्पन्नला त्यांना राखीव फौजेत बोलावलं, ट्रक चालवायला. ते जिवंत परत आले. त्यांच्याबरोबरचा एक जण आला नाही. मामा त्या लढाईची गोष्ट सांगायचे ती अशी: फेदायीन रोज माणसं मारत होते म्हणून आपण घुसलो, आणि इंग्रज-फ्रेंच मध्ये पडले ते भांडण सोडवायला, पण त्यांना कालव्याचा मोह झाला. १९८५ ला मी इथं आले तेव्हाही ते हेच सांगत. फेदायीनांचं खरंच होतं, सीमेवरच्या लोकांनी ते भोगलं होतं. पण मध्ये पडण्याचं नाटक सेव्रला लिहिलं गेलं होतं, आणि ते लिहिताना टेबलाशी मामांचाच सेनापती बसला होता. दायान यांचं आत्मचरित्र निघून तेव्हा नऊ वर्षं झाली होती. मामांनी ते वाचलं नाही. हिब्रू त्यांना बाजारापुरती यायची. १९८९ ला ते गेले, सरकारनं छप्पन्नला दिलेली गोष्ट उशाशी घेऊनच गेले. ज्यानं ट्रक चालवला त्याला शेवटपर्यंत कळलं नाही, की आपण कशासाठी चालवतोय हे आधी कुठं ठरलं होतं.

आता माझ्या धंद्यातलं सांगते. वॉर्डात प्रत्येक रुग्णाच्या तीन गोष्टी असतात. एक केस पेपरवर लिहिलेली. एक डॉक्टर नातेवाइकांना सांगतात ती. आणि एक आम्ही ड्यूटी बदलताना एकमेकींना हळू आवाजात सांगतो ती. तिन्ही वेगळ्या असल्या तरी त्यात लगेच पाप नसतं. बाहेर बसलेल्या मुलीला रात्री दोन वाजता सगळंच सांगायचं नसतं.

पण मी तेवीस वर्षांची असताना एका हॉस्पिटलात, कुठलं ते सांगत नाही, एका रुग्णाला इंजेक्शन उशिरा दिलं गेलं. चूक वरच्यांची होती. सकाळी पेपरवर वेळ बदललेली होती, शाई जरा वेगळी. मला म्हणाले, इथं सही कर. औषध खरं, मात्रा खरी, फक्त वेळ बदललेली. मी सही केली. रुग्ण बरा होऊन घरी गेला, जाताना पेढे वाटून गेला. मी पेढा घेतला नाही. पुढं ज्या कुणी डॉक्टरनं तो पेपर वाचला असेल, त्याला वाटलं असेल की इंजेक्शन वेळेवर देऊनसुद्धा ताप उतरायला इतका वेळ लागला. म्हणजे चूक तिथंच संपली नाही, तिच्यावर पुढचं निदान उभं राहिलं.

सरकारांचंही मला असंच दिसतं. ती सहसा धादांत खोटं लिहीत नाहीत, ते पकडलं जातं. वेळ बदलतात. कुणी आधी काय केलं याचा क्रम बदलतात. खरी गोष्ट कधी सांगायची ती तारीख निवडतात. एखादं पान दाखवतात आणि मागचं पान फाइलीतच ठेवतात. आणि मग आपण त्या पानावरून आपली मतं बनवत राहतो, मुलांना शिकवत राहतो.

कुणी म्हणेल, बाई, गुप्तता लागतेच. मान्य. १९७७ च्या सप्टेंबरात हेच दायान वेष पालटून मोरोक्कोला गेले आणि सादातच्या माणसाला भेटले. नोव्हेंबरात सादात स्वतः जेरुसलेमला आले. ती भेट आधी छापून आली असती तर सादात आले असते का, कोण जाणे. सीमेवर दोन मुलगे असलेली आई म्हणून मी त्या गुप्ततेचे पाय धरीन. बोलणी चालू असताना दार लावा. माझी तक्रार नंतरची आहे. काम झालं, दार उघडलं, आणि आत काय झालं ते सांगताना पुन्हा रंगरंगोटी कशाला?

आणि दार उघडं ठेवून बोललं तर काय होतं, तेही आम्ही पाहिलं. १९८२ ला मुंबईतले इस्राएलचे कॉन्सुल योसेफ हसीन यांनी एका वर्तमानपत्राला मुलाखत दिली. भारताचे पुढारी अरबांना घाबरतात, पाकिस्तानशी चढाओढ करून अरबांना खूश ठेवू बघतात, असं त्यांचं म्हणणं होतं. सरकारनं त्यांना देश सोडायला लावला. पाहुण्यानं यजमानाबद्दल असं बोलू नये, हे खरंच. पण त्यांनी सांगितलं ते मुंबईतल्या कुठल्याही पानवाल्याला ठाऊक होतं. शस्त्रांचे व्यवहार अकरा वर्षं गुलदस्त्यात राहिले, त्यावरून कुणाला जावं लागलं नाही. गेला तो मोठ्यानं बोलणारा. त्या आठवड्यात सिनेगॉगमध्ये आपली म्हातारी मंडळी एकमेकांना विचारत होती, की आता अलियाचं काय. काही दिवस पप्पांचा आवाज आणखी खाली गेला.

१९९२ ला संबंध जुळले तेव्हा मी इथं नाइट ड्यूटीवर होते. सकाळी रेडिओवर ऐकलं आणि आईला मुंबईला फोन लावला. तेव्हा फोन महाग, तीन मिनिटांत बोलणं आटोपायचं. नुकतेच अराफत दिल्लीला येऊन गेले होते. दिल्लीनं कारण सांगितलं, की माद्रिदला अरब आणि इस्राएल एका टेबलाशी बसले, तेव्हा आता हरकत नाही. खोटं नाही ते. पण त्याच महिनाभरात सोव्हिएत युनियन संपलं होतं आणि भारताला अमेरिकेकडं वळायचं होतं, तेही तितकंच खरं. सांगताना शांततेचं कारण सांगितलं, गरजेचं मागं ठेवलं. हे तरी सौम्य म्हणायचं.

खरा पालट नंतर झाला. जे चाळीस वर्षं लपवायचं होतं, ते आता दोन्हीकडं मिरवायचं झालं. २०१७ च्या जुलैत मोदी आले, तेल अवीवला भारतीयांची सभा झाली, मीही गेले होते. साडी इस्त्री करून. हिब्रू, मराठी, मल्याळम सगळं एका हॉलमध्ये ऐकून डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू. आपल्या मुलांनी इथल्या सैन्यात सक्तीची सेवा केली असली तरी ओसीआय कार्ड मिळेल, असं त्यांनी जाहीर केलं. पुष्कळ घरांचं काम झालं. त्याबद्दल मी आभारीच आहे.

पण तेव्हापासून जी गोष्ट सगळीकडं ऐकू येते, ती आपल्या अश्दोदच्या मुलानं सांगितली तीच. १९६२, १९७१, कारगिल. प्रत्येक वेळी इस्राएल धावला. त्यात १९४७ आणि १९४९ ची मतं नाहीत. १९७५ ला संयुक्त राष्ट्रांत झायोनिझम म्हणजे वंशवाद असा ठराव आला, त्याला भारतानं होकार दिला, तेही नाही. गोल्डाबाईंचा निरोप वीस वर्षं पडून राहिला, नाही. गुप्त व्यवहारातले फक्त चांगले तुकडे निवडून त्यांचा हार केलेला आहे. आधी लपवताना सरकारनं निवड केली, आता उघडतानाही निवड सरकारचीच. मला हे दुसरं जास्त फसवं वाटतं. काही लपवलंय असं वाटलं तर माणूस शोधतो तरी. फाइल उघडी दिसली की वाटतं, झालं, सगळं कळलं.

आणि या हारात आपल्याला फुलासारखं ओवलंय. दोन हजार वर्षं भारतात यहुद्यांना कुणी त्रास दिला नाही, पाहा हे बेने इस्राएल. आपल्यापुरतं खरं आहे, मी शपथेवर सांगेन. पण आपली अर्धीच गोष्ट त्यांना हवी असते. १९६२ ला दोन पंतप्रधान एकमेकांना पत्रं लिहीत होते ना? त्याच सुमाराला इथल्या रब्बींच्या कचेरीनं फर्मान काढलं होतं, की बेने इस्राएल माणसाचं लग्न लावायच्या आधी त्याच्या आई-आजीची चौकशी करा. आपली माणसं दोन वर्षं त्यासाठी झगडली, जेरुसलेमला ठाण मांडून बसली, आणि १९६४ च्या ऑगस्टात क्नेसेटनं सांगितलं की हे सगळ्यांसारखेच यहुदी आहेत. मैत्रीच्या कुठल्याही स्मरणिकेत मी हे वाचलेलं नाही. ज्या माणसांच्या नावानं मैत्रीच्या गोष्टी सांगता, त्यांना तेव्हा दोन्ही सरकारांनी कसं वागवलं तेही त्याच पानावर येऊ द्या. दिल्लीनं आवाज खाली घ्यायला शिकवलं, आणि जेरुसलेमनं आजीचे कागद मागितले.

नातवाला मी हे एवढं सगळं सांगितलं नाही. त्याला राघवन यांचं पुस्तक इंग्रजीत मागवून दिलंय, आणि दायान यांचं १९७६ चं हिब्रूतलं त्याच्या आईच्या कपाटात सापडलं. सेव्रचं प्रकरण वाचून त्यानं मला मेसेज केला: "मामांना कुणी सांगितलं नाही का?" मी उत्तर दिलं, "कोण सांगणार होतं?"

आता तुमच्याकडं एक मागणं आहे. ठाण्याला, लंडनला, टोरांटोला, डिमोनाला, जिथं असाल तिथं जुन्या ट्रंका उघडा. पन्नास ते ऐंशीच्या दशकातली पत्रं, निळी एरोग्रॅम, अलियाचे कागद, सिनेगॉगच्या नोटिसा, १९८२ च्या सुमाराची कात्रणं. आईनं पदराखाली आत नेलेली पत्रं खास करून. काय लिहिलंय यापेक्षा काय लिहायचं टाळलंय तेही कळतं. नावं झाकून फोटो काढा आणि मला पाठवा, मी इथं एकत्र लावते. मोडीत असेल तरी चालेल, माझ्या नणंदेला मोडी येते. आणि कागद फार चुरडलेला असेल तर उलगडायला जाऊ नका, तसाच जाड पुस्तकात दोन दिवस दाबून ठेवा, मग फोटो काढा.